नकाशाचा सर्व्हर व्हीएमवर टाकलाय, मग अडतो कुठे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं नकाशाच्या सर्व्हरबद्दलच आहेत. नकाशे वेबवर देणारं आर्कजीआयएस एंटरप्राइज असो की जिओसर्व्हर, सगळं आता व्हर्च्युअल मशिनवर (व्हीएम, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने बनवलेलं वेगळं मशिन) गेलंय आणि तक्रारीही बऱ्याच सारख्याच आहेत. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती, नकाशावाले फक्त व्हीएमच्या आत बघतात, इन्फ्रावाले (सर्व्हर सांभाळणारे) फक्त बाहेरून बघतात, दोघांचेही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात आणि तरी नकाशा काही उघडत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी काय बघायचं ते जरा तपशिलात लिहिलंय.

प्रश्न: ताई, आमचा आर्कजीआयएस सर्व्हर व्हीएमवेअरवर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) आहे. ४ व्हीसीपीयू (व्हीएमला दिलेले आभासी प्रोसेसर) होते, नकाशा यायला वेळ लागतो म्हणून ८ करून घेतले, तर आता गर्दीच्या वेळी आधीपेक्षाही हळू झालंय. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ५०-५५ टक्क्यांच्या वर जातच नाही. इन्फ्रा टीम म्हणते होस्ट (ज्या खऱ्या सर्व्हरवर व्हीएम चालते तो) ठणठणीत आहे. नक्की बघू कुठे?

उत्तर: टास्क मॅनेजर थोडा वेळ बाजूला ठेवा, कारण व्हीएमला जो वेळ मिळालाच नाही तो तिथे दिसत नाही. तुम्हाला हवा असलेला आकडा होस्टकडे आहे, त्याचं नाव सीपीयू रेडी. म्हणजे व्हीएम काम करायला तयार होती पण होस्टचा खरा कोअर (प्रोसेसरमधला काम करणारा भाग) रिकामा नव्हता म्हणून थांबून राहिली तो वेळ. व्हीसेंटरमध्ये (व्हीएमवेअरचं व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर) तुमची व्हीएम उघडून परफॉर्मन्सच्या रिअल टाइम ग्राफमध्ये हा काउंटर लावायला सांगा. तो मिलिसेकंदात येतो आणि प्रत्येक नमुना २० सेकंदांचा असतो, त्यामुळे आकडा नुसता बघून काही कळत नाही, हिशोब करावा लागतो. समजा अख्ख्या व्हीएमचा आकडा १६,००० आला. व्हीसीपीयू ८, म्हणजे प्रत्येकी २,००० मिलिसेकंद, आणि २० सेकंद म्हणजे २०,००० मिलिसेकंद, म्हणजे १० टक्के वेळ नुसती वाट बघण्यात गेला. साधारण प्रत्येकी ५ टक्क्यांच्या आत असेल तर सोडून द्या, १० च्या आसपास असेल तर वापरणाऱ्याला ते जाणवणारच.

आता ८ केल्यावर वाढलं का, तर गच्च भरलेल्या बसमध्ये एकट्याला उभं राहायला जागा मिळते, आठ जणांचं कुटुंब एकत्र चढायचं म्हटलं की थांबावं लागतं, तसंच आहे हे. आताचे हायपरवायझर (होस्टवर व्हीएम चालवणारी व्हीएमवेअरसारखी सॉफ्टवेअर) आठच्या आठ कोअर एकदमच मिळाले पाहिजेत असं धरून बसत नाहीत, पण एक व्हीसीपीयू फार पुढे गेला की त्याला थांबवून बाकीच्यांना सोबत आणतात, त्या थांबण्याचा वेगळा काउंटर आहे, को-स्टॉप, तोही बघून घ्या. शिवाय होस्टच्या एका सॉकेटवर (एका प्रोसेसर चिपवर) जेवढे कोअर आहेत त्यापेक्षा मोठी व्हीएम केली तर मेमरी दोन सॉकेटमध्ये विभागली जाते आणि तिथे आणखी थोडा वेळ जातो.

आणि मुळात एका नकाशाची एक रिक्वेस्ट एकच आर्कएसओसी प्रोसेस (आर्कजीआयएस सर्व्हरची नकाशा काढणारी प्रोसेस) हाताळते आणि ते काम बहुतांशी एकाच कोअरवर चालतं. कोअर वाढवले तर एकाच वेळी जास्त लोकांना नकाशे मिळतील, पण एका माणसाचा एक नकाशा लवकर येणार नाही. तो लवकर यायला हवा असेल तर प्रत्येक कोअरचा वेग लागतो, म्हणून होस्ट विकत घेताना कमी कोअर पण जास्त गिगाहर्ट्झवाला प्रोसेसर मागा, सर्व्हर खरेदीत हे नेहमी उलटं होतं कारण खूप कोअरवाला होस्ट इतर सगळ्यांना सोयीचा असतो. जाता जाता होस्टच्या बायोसमधलं पॉवर सेटिंगही विचारा, तिथे वीज बचतीचा मोड असेल तर कोअर पूर्ण वेगाने पळतच नाहीत, आणि हे बदलायला एक पैसा लागत नाही.

माझं म्हणाल तर परत ४ करा आणि रेडीचा आकडा पुन्हा मोजा. नंतर खरंच गरज लागली तर एक ८ ची व्हीएम करण्यापेक्षा ४-४ च्या दोन मशिन एकाच साइटमध्ये (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हर मशिनच्या गटात) जोडा. लायसन्स कोअरवर असतं हे विसरू नका, ४ कोअरचं लायसन्स असताना व्हीसीपीयू ८ करून ठेवलेले असतील तर त्याची चौकशी आजच करून घ्या.

प्रश्न: इन्फ्रावाले दर महिन्याला रिपोर्ट पाठवतात की तुमच्या सर्व्हरला ६४ जीबी दिलीय आणि ॲक्टिव्ह मेमरी फक्त ९ जीबी आहे, म्हणून आम्ही कमी करतोय. आमच्याकडे सत्तरेक सर्व्हिसेस (सर्व्हरवरून दिलेले नकाशे) आहेत. त्यांना काय सांगू?

उत्तर: त्यांचा आकडा खोटा नाहीये, पण त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा आहे. ॲक्टिव्ह मेमरी म्हणजे गेल्या थोड्या वेळात हात लागलेली मेमरी. तुमच्या सत्तर सर्व्हिसेसना प्रत्येकी किमान १ इन्स्टन्स (सतत चालू ठेवलेली प्रोसेस) असेल तर सत्तर आर्कएसओसी प्रोसेस कुणी नकाशा मागो न मागो मेमरी धरून बसलेल्या असतात, प्रत्येकीची शे-दोनशे एमबी किंवा त्याहून जास्त, नकाशात काय आहे त्यावर ठरतं. हायपरवायझरला बाहेरून त्या झोपलेल्या दिसतात. मग होस्टवर मेमरी कमी पडली की बलूनिंगने (हायपरवायझरची व्हीएमकडून मेमरी परत घेण्याची पद्धत) तुमच्याकडचीच काढून घेतली जाते, विंडोज ती पानं डिस्कवर टाकतं, आणि दुपारी कुणीतरी तो क्वचित वापरला जाणारा नकाशा उघडतो तेव्हा त्याला अर्धा मिनिट चक्र फिरताना दिसतं. त्यांना सांगा की या व्हीएमची मेमरी पूर्ण रिझर्व्ह करा (तिच्यासाठीच राखून ठेवा), आणि पुरावा म्हणून बलून आणि स्वॅपचे (मेमरी डिस्कवर टाकण्याचे) काउंटर मागवा, ते शून्य नसतील तर वाद तिथेच संपतो.

पण तुमच्या बाजूनेही काम करा, नुसतं आम्हाला ६४ पाहिजेच म्हणून अडून बसणं बरोबर नाही. १०.७ व्हर्जनपासून, म्हणजे २०१९ पासून, शेअर्ड इन्स्टन्सचा पूल आलाय, म्हणजे अनेक सर्व्हिसेसनी वाटून वापरायच्या प्रोसेस. आर्कजीआयएस प्रोमधून (नकाशे बनवायचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर) पब्लिश केलेल्या साध्या मॅप सर्व्हिसेस त्यात टाकता येतात, प्रत्येकीला वेगळी प्रोसेस लागत नाही. पूलचा डिफॉल्ट आकडा मशिनमागे ४ आहे, तो तुमच्या कोअरप्रमाणे बघून वाढवा. जुन्या आर्कमॅपमधून केलेल्या सर्व्हिसेस त्यात जात नाहीत, त्या प्रोमध्ये नेऊन पुन्हा पब्लिश कराव्या लागतील आणि ते काम कंटाळवाणं आहे खरं, पण सत्तरपैकी पन्नास जरी गेल्या तरी मेमरीचा हिशोब पार बदलतो. रोज वापरल्या जाणाऱ्या जड सर्व्हिसेस मात्र डेडिकेटेडच (स्वतःच्या वेगळ्या प्रोसेसवर) ठेवा.

प्रश्न: अपग्रेडच्या आधी आम्ही स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) घेतले होते. अपग्रेड बरं झालं, पण चार दिवसांनी पोर्टल (आर्कजीआयएसचा लॉगिन आणि शेअरिंगचा भाग) नीट लॉगिन होईना म्हणून इन्फ्राने फक्त पोर्टलची व्हीएम स्नॅपशॉटवर परत नेली. आता मधल्या चार दिवसांत लोकांनी पब्लिश केलेले लेयर पोर्टलमध्ये दिसत नाहीत पण सर्व्हरवर सर्व्हिस आहेत, आणि व्हर्जनही जुळत नाही. यातून बाहेर कसं पडायचं?

उत्तर: आधी एक करा, आणखी कुणालाही काही पब्लिश किंवा डिलीट करू देऊ नका, एडिटिंग थांबवा आणि आत्ता आहे त्या स्थितीत सगळ्या मशिन बंद करून कॉपी घेऊन ठेवा.

झालंय असं की पोर्टल, सर्व्हर आणि डेटा स्टोअर या तीन वेगळ्या मशिन असल्या तरी माहिती तिघांत वाटलेली असते. लेयरचा आयटम, मालक, शेअरिंग हे पोर्टलमध्ये, सर्व्हिस सर्व्हरच्या कॉन्फिग स्टोअरमध्ये (सेटिंगचं फोल्डर), आणि खरा डेटा रिलेशनल डेटा स्टोअरमध्ये, जो आतून पोस्टग्रेएसक्यूएल आहे. एकालाच मागे नेलं की बाकीचे दोघे पुढच्या तारखेला राहतात. तुमच्याकडे त्या चार दिवसांतला वेबजीआयएसडीआरचा (आर्कजीआयएसचं बॅकअपचं टूल) बॅकअप असेल तर सरळ रस्ता तोच, पोर्टल पुन्हा नव्या व्हर्जनला आणून तो बॅकअप रिस्टोअर करा, व्हर्जन आणि युआरएल बॅकअपच्या वेळी होते तेच असले पाहिजेत. तो नसेल तर पर्याय दोनच उरतात. एक म्हणजे तिन्ही मशिन एकाच वेळच्या स्नॅपशॉटवर नेणं आणि चार दिवसांचं काम सोडून देणं, पण त्याआधी डेटा स्टोअरमधला नवा डेटा बाहेर काढून घ्या, सर्व्हिस अजून चालू असतील तर त्यांच्या युआरएलवरून फीचर्स एक्स्पोर्ट करता येतात. दुसरा पर्याय म्हणजे पोर्टल पुन्हा अपग्रेड करून हरवलेले आयटम एकेक करून उभे करणं, तेव्हा कंपनीच्या सपोर्टला सोबत घ्या, एकट्याने कॉन्फिग स्टोअरमधल्या फाइली हाताने बदलायला जाऊ नका.

पुढच्या वेळेसाठी, स्नॅपशॉट घ्यायचा तर सगळ्या मशिन शटडाउन करून, सगळ्यांचा एकत्र, आणि परत जायचं तरी सगळ्यांनी एकत्र. तपासणी झाली की डिलीट करा. व्हीएमवेअर स्वतःच सांगतं की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, तुमचा तर चार दिवस होता. स्नॅपशॉट असेपर्यंत प्रत्येक नवीन लिखाण डेल्टा फाइलमध्ये जातं, ती मूळ डिस्कएवढी फुगू शकते, आणि नंतर एकत्र करताना स्टोरेजवर इतका ताण येतो की त्या वेळात नकाशे अडकतात.

आणि वेबजीआयएसडीआर चालू असलं तरी त्यात सगळं येतं असं समजू नका. तुम्ही रजिस्टर केलेला ऑरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हरवरचा जिओडेटाबेस (नकाशाच्या डेटाचा डेटाबेस) त्यात येत नाही, फाइल शेअरवरचा रास्टर डेटा (उपग्रह चित्रांसारखा) येत नाही, मॅप सर्व्हिसची टाइल कॅशही (आधीच काढून ठेवलेले नकाशाचे तुकडे) येत नाही. त्यांचा बॅकअप ज्याचा त्याने वेगळा घ्यायचा. रिस्टोअर कधीच करून बघितला नसेल तर या महिन्यात एकदा वेगळ्या नेटवर्कवर करून बघा, किती तास लागतात ते कळलेलं असलं की साहेबांना उत्तर देता येतं.

प्रश्न: हाय अव्हेलेबिलिटीसाठी (एक मशिन पडलं तरी सेवा चालू राहावी म्हणून) पोर्टलच्या दोन मशिन, डेटा स्टोअरच्या दोन मशिन असं सगळं केलं. परवा एक होस्ट बंद पडला आणि दोन्ही पोर्टल एकदमच गेली. हे कसं काय?

उत्तर: दोन्ही व्हीएम त्याच होस्टवर होत्या, दुसरं काही नाही. लोड वाटताना डीआरएस (व्हीएमवेअरची आपोआप लोड वाटणारी सोय) व्हीएम इकडून तिकडे हलवत असतं, त्याला या दोघी जोडीदार आहेत हे कुणी सांगितलेलंच नसतं. दोन व्हीएम वेगळ्या होस्टवर ठेवा असा अँटी-ॲफिनिटीचा नियम लावावा लागतो, पोर्टलच्या जोडीला एक, डेटा स्टोअरच्या जोडीला एक, सर्व्हर साइटच्या मशिनना एक. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही क्लस्टरमध्येही याची सोय आहे. मग पोर्टलचा कंटेंट फोल्डर आणि सर्व्हरचं कॉन्फिग स्टोअर ज्या फाइल शेअरवर आहे तो एकाच साध्या व्हीएमवर आहे का ते बघा, असेल तर वरची सगळी जोडी त्या एकावर उभी आहे.

थोडं वेगळं मत पण सांगते. होस्ट पडल्यावर व्हीएम दुसऱ्या होस्टवर आपोआप चालू होणं हे हायपरवायझर स्वतः करतं, त्यात काही मिनिटं जातात. तुमच्या कामात तेवढी मिनिटं चालत असतील तर प्रत्येक भागाची जोडी सांभाळण्यापेक्षा एकेक मशिन नीट ठेवणं मला जास्त बरं वाटतं, अपग्रेड सोपं होतं आणि लायसन्स पण कमी लागतं. आणीबाणीची सेवा असेल तर मात्र जोडी हवीच.

प्रश्न: आर्कजीआयएस प्रो व्हीडीआयवर (सर्व्हरवर चालणारा आभासी डेस्कटॉप) दिलंय. टू-डी बरं चालतं पण थ्री-डी सीन उघडला की चित्र तुटत तुटत येतं. काही जणांना टू-डीमध्ये पण त्रास होतो.

उत्तर: दोन वेगळे आजार असू शकतात, आधी वेगळे करा. प्रो उघडून कंट्रोल, ऑल्ट आणि एम एकत्र दाबा, डायग्नोस्टिक मॉनिटर उघडेल. त्यात नकाशा काढण्याचं काम कुठे अडकतंय ते दिसतं, डेटाची वाट बघतोय की चित्र रंगवण्यात वेळ जातोय.

रंगवण्यात जात असेल तर जीपीयू (चित्र काढणारा प्रोसेसर) बघा. व्हीडीआयला व्हीजीपीयू (अनेकांत वाटलेल्या जीपीयूचा हिस्सा) जोडलेलंच नसेल तर सगळं चित्र सीपीयूवर काढलं जातं आणि थ्री-डीला ते झेपत नाही. जोडलेलं असेल तर प्रोफाइल (प्रत्येकाला मिळणारा वाटा) किती जीबीचा आहे ते विचारा. उदाहरणार्थ एनव्हिडियाच्या टी४ कार्डवर १६ जीबी असते, २ जीबीचे प्रोफाइल केले तर ८ जण बसतात, प्रत्येकाची जीबी ठरलेली राहते पण जीपीयूचा वेळ आठ जणांत वाटला जातो, म्हणजे एकाच वेळी पाच जणांनी सीन फिरवला की सगळ्यांचं अडणार. शिवाय व्हीजीपीयूचं लायसन्स वेगळं असतं, लायसन्स सर्व्हरशी संपर्क तुटला की थोड्या वेळाने फ्रेम मुद्दाम कमी केल्या जातात, त्यामुळे सकाळी ठीक आणि नंतर खराब असं होत असेल तर पहिला संशय तिथेच घ्या. रॅम ८ जीबी ही किमान आहे, काम करायला १६ द्या.

डेटाची वाट बघण्यात वेळ जात असेल तर डेटाबेस कुठे आहे ते महत्त्वाचं. प्रो आणि जिओडेटाबेस यांच्यात एका लेयरसाठी पण असंख्य छोट्या फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीला नेटवर्कचा उशीर लागतो. म्हणून व्हीडीआय आणि डेटाबेस एकाच डेटा सेंटरमध्ये हवेत, वापरणारा माणूस लांब असला तरी चालतो, त्याच्याकडे फक्त चित्र जातं. ज्यांना टू-डीमध्ये त्रास होतोय त्यांच्या व्हीडीआय दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये तर नाहीत ना, एवढं तपासा.

प्रश्न: आम्ही जिओसर्व्हर वापरतो, सगळं ओपन सोर्स. १६ जीबीच्या व्हीएमवर जाव्हाला (जिओसर्व्हर ज्यावर चालतो) १४ जीबी हीप (वापरायची मेमरी) दिली तरी गर्दीत अडकतो. अजून रॅम मागू का?

उत्तर: नको, आधी हीप कमी करा. १६ पैकी १४ जाव्हाला दिली तर ऑपरेटिंग सिस्टिमला फाइल कॅशसाठी काही उरतच नाही आणि रास्टर वाचताना प्रत्येक वेळी डिस्कवर जावं लागतं. जिओसर्व्हरला बहुतेक ठिकाणी ४ ते ६ जीबी पुरते. आणि जाव्हा असलेल्या व्हीएमची मेमरी रिझर्व्ह हवीच, जाव्हाचा गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग) अख्खी हीप चाळतो, तिचा एखादा भाग जरी स्वॅपमध्ये गेला तरी सगळं थांबतं.

दुसरं म्हणजे कंट्रोल-फ्लो एक्स्टेन्शन बसवा. त्यात एकाच वेळी किती गेटमॅप रिक्वेस्ट (नकाशाचं चित्र मागणाऱ्या) चालवायच्या ते ठरवता येतं, बाकीच्या रांगेत थांबतात. ४ कोअरच्या मशिनवर ८ पासून सुरुवात करून वाढवत न्या आणि प्रत्येक वेळी मोजा. तुम्ही केव्हीएमवर (लिनक्समधला हायपरवायझर) असाल तर टॉप कमांडमध्ये एसटी नावाचा आकडा बघा, पहिल्या पत्राला सांगितलेल्या सीपीयू रेडीचीच ती आतून दिसणारी बाजू, तो सतत वर असेल तर जिओसर्व्हरमध्ये काहीही बदललं तरी फरक पडणार नाही.

प्रश्न: ब्रॉडकॉमने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये व्हीएमवेअर घेतल्यावर कायमच्या लायसन्सची विक्री बंद झाली, त्यामुळे आमची संस्था दुसऱ्या हायपरवायझरवर जातेय. आर्कजीआयएस तिथे चालेल ना?

उत्तर: चालेल. सर्व्हरला खालचा हायपरवायझर कोणता याच्याशी फारसं घेणं नसतं, व्हीएमच्या आतली ऑपरेटिंग सिस्टिम सपोर्टच्या यादीत असली पाहिजे. दगदग स्थलांतर करताना होते. मशिनचं पूर्ण नाव आहे तेच ठेवा, ते साइटमध्ये, सर्टिफिकेटमध्ये, फेडरेशनमध्ये (पोर्टल आणि सर्व्हरच्या जोडणीत) सगळीकडे लिहिलेलं असतं. नवीन डिस्क आणि नेटवर्कचे ड्रायव्हर विंडोजमध्ये हलवण्याच्या आधी टाका, नाहीतर मशिन बूटच होणार नाही. लायसन्स मॅनेजर वेगळ्या व्हीएमवर असेल तर मॅक ॲड्रेस बदलल्यावर लायसन्स अमान्य होऊ शकतं, तो पत्ता आधीच लिहून घ्या आणि नव्या ठिकाणी तोच कायमचा लावा, किंवा हलवण्याआधी डीऑथराइझ करा (लायसन्स परत करा).

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती चाचणीसाठी केलेल्या क्लोनची. प्रॉडक्शनच्या व्हीएमची कॉपी नव्या हायपरवायझरवर चालू करून बघणार हे साहजिकच आहे, पण त्या कॉपीच्या पोटात प्रॉडक्शन डेटाबेसचं कनेक्शन पासवर्डसकट साठवलेलं असतं. चाचणी म्हणून कुणी चार पोलिगॉन काढले किंवा पुसले की ते खऱ्या डेटाबेसमध्ये होतात, आणि शेड्यूल केलेले जॉब दोन्हीकडून चालायला लागतात. क्लोन पहिल्यांदा चालू करताना तिचं नेटवर्क कार्ड वेगळ्या बंद नेटवर्कवर लावा, चाचणी करणाऱ्यांच्या मशिनवर होस्ट्स फाइलमध्ये तीच नावं नव्या आयपीला जोडा, आणि तिथून प्रॉडक्शन डेटाबेसच्या पोर्टवर कनेक्शन होत नाहीये हे स्वतः तपासल्याशिवाय लॉगिन कुणालाही देऊ नका.